यंत्रे जमवावी आणि चालवावीही : तंजावरच्या एका संग्रहाची हकिकत

माळ्यावर चढून पाहिले तर पुष्कळ घरांतून एखादे जुने यंत्र अजून सापडते. कोठे पायाने चालवावयाचे शिवणयंत्र, कोठे पितळी स्टोव्ह, कोठे आजोबांचे किल्लीचे घड्याळ. ते टाकवत नाही आणि वापरातही येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत त्यावरची धूळ झटकली जाते व पुन्हा त्यावर जुनी चादर पडते. वाचकहो, अशा वस्तूचे करावे काय, हा प्रश्न आपल्यालाही केव्हा तरी पडला असेल. भंगारवाल्याच्या हवाली करावी, काचेच्या कपाटात मांडावी, की तेलपाणी करून पुन्हा कामास जुंपावी?

अमेरिकेत असे काही हौशी लोक आहेत, की ज्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या निष्ठेने दिले आहे. ते रुळांची जुनी धुलाईयंत्रे जमवितात आणि नुसती जमवून थांबत नाहीत, तर घरचे धुणे त्यांवर धुतात. हे यंत्र आपल्याकडे फारसे पाहण्यात नसल्यामुळे त्याची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. चार पायांवर उभे असलेले एक मोठे पिंप, त्याच्या तळाशी पाणी घुसळणारी रवी, आणि पिंपाच्या काठावर एकावर एक बसविलेले दोन रबरी रूळ. पिंपात साबणाच्या गरम पाण्यात कपडे घुसळून निघाले की एकेक कपडा उचलून रुळांच्या फटीत द्यावयाचा. रूळ फिरतात, कपडा पलीकडे चपटा होऊन निघतो आणि पाणी पुन्हा पिंपात पडते. आपल्याकडील उसाचा चरक ज्याने पाहिला आहे त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगावयास नको. चरकात रस हवा असतो व चिपाड टाकावयाचे असते. येथे चिपाड हवे असते, एवढाच काय तो फरक!

नऊवारी लुगडे पिळण्यासाठी दोघींनी दोन टोके धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो, आणि भिजलेल्या जाड कापडाला पीळ देताना मनगटे कशी भरून येतात, हे आपल्या आई-आजींना पुरते ठाऊक होते. शिवाय पीळ दिल्याने धागा ताणला जातो आणि जुने सूत अचानक दगा देते. रुळांमध्ये कापड पिळले जात नाही, दाबले जाते. एकोणिसाव्या शतकात हे रूळ हाताने फिरवावयाचे असत. विसाव्या शतकात त्यांना विजेची जोड मिळाली. आयोवा राज्यातील न्यूटन गावचा मेटॅग हा कारखाना मूळचा शेतीच्या अवजारांचा. त्याने १९०७ साली धुलाईयंत्र बनविले, पुढे वीज न पोहोचलेल्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी लहानसे पेट्रोल-इंजिन जोडलेली यंत्रे विकली, आणि १९२२ मध्ये पिंपाच्या तळाशी रवी बसविलेले यंत्र काढून साऱ्या धंद्याचे वळण बदलले. आपोआप धुणारी व गरगर फिरवून पाणी काढणारी यंत्रे आल्यावरही त्या कारखान्यातून रुळांची यंत्रे १९८३ पर्यंत बाहेर पडत होती. आमिश पंथाच्या कुटुंबांत, जेथे सार्वजनिक विजेची तार घरात घेत नाहीत, तेथे ती अद्यापि नित्याच्या कामाची आहेत.

हौशी लोकांना ह्या यंत्राचे एवढे कौतुक का वाटावे? एक तर ते पाण्याला फार काटकसरी आहे. एकदा पिंप भरले की त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी शेतातले किंवा कारखान्यातले मळके कपडे निघतात. दुसरे असे, की ते उघडे आहे. त्याचा पट्टा, दाते, रूळ सारे डोळ्यांना दिसते. बिघाड झाला तर तो कोठे आहे हे कळते. परंतु त्याची रीत ठाऊक नसेल तर तेच यंत्र घात करते. रुळांत बोटे सापडून अनेक बायकांचे व मुलांचे हात जायबंदी झाले, म्हणून रूळ झटकन सैल करणारी दांडी पुढे बसविण्यात आली. बटणे आतल्या बाजूस दुमडून कपडा द्यावा, केस व पदर आवरून घ्यावेत, मूल जवळ असू नये, आणि काम संपताच रुळांवरील दाब काढून ठेवावा, नाही तर रबरावर कायमचा सपाट वण पडतो, ह्या गोष्टी पुस्तकापेक्षा करणाऱ्याच्या हाताखाली लवकर कळतात. यंत्र टिकले आणि रीत गेली तर राहते ते केवळ एक जड, धोकेदार पिंप.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की यंत्रे जमविण्याची आणि ती चालवून पाहण्याची हीच आवड कावेरीच्या काठी, तंजावरच्या राजवाड्यात, दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाला जडली होती. ती यंत्रे धुण्याची नव्हती, आणि राजेसाहेबांनी स्वतःचे उपरणे कधी पिळले असेल असे वाटत नाही. परंतु संग्रह आणि वापर ह्यांची जी जोडी आपण वर पाहिली, तिचे इतके ठळक उदाहरण मराठी माणसाच्या इतिहासात दुसरे शोधावे लागेल.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी सतराव्या शतकात तंजावरास राज्य स्थापिले. त्याच घराण्यात तुळजाराजांनी १७८७ साली दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले. राजांच्या मृत्यूनंतर गादी अमरसिंगाकडे गेली आणि मुलगा जवळजवळ बंदिवासात वाढू लागला. त्याची सुटका करण्यासाठी खटपट केली ती श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाने. सरफोजीचे पुढील शिक्षण मद्रासेस झाले. हा श्वार्ट्झ जर्मनीतील हाले ह्या गावच्या शिक्षणसंस्थेतून आलेला होता, आणि त्या संस्थेत शंख-शिंपले, पेरलेले प्राणी, ग्रहमालेचे नमुने व देशोदेशींच्या चिजा ठेवलेले एक दालन होते. ते दालन आजही पाहावयास मिळते. वस्तू हातात देऊन मुलाला शिकवावे, ही तेथील पद्धत. तिचा संस्कार ह्या शिष्यावर झाला असावा असे मला वाटते. कारण पुढे त्याने जे जमविले त्यात मिरविण्याच्या वस्तूंपेक्षा उघडून पाहण्याच्या वस्तूंचा भरणा अधिक होता. गुरूविषयीची कृतज्ञता त्याने संगमरवरात कोरून ठेवली. तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये मृत्युशय्येवरील गुरू आणि शेजारी उभा असलेला राजा असे फ्लॅक्समन ह्या इंग्रज शिल्पकाराचे काम आहे.

१७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर आले आणि १७९९ मध्ये कंपनीशी झालेल्या तहाने राज्यकारभार त्यांच्या हातून गेला. किल्ला व आसपासचा थोडा मुलूख, आणि उत्पन्नातील ठरीव हिस्सा, एवढेच उरले. बावीस वर्षांच्या तरुण राजाला करावयास काही काम राहिले नव्हते. अशा अवस्थेत पुष्कळ संस्थानिकांनी काय केले हे सर्वश्रुत आहे. सरफोजीराजांनी पुस्तके, यंत्रे, वाद्ये, नाणी, चित्रे आणि औषधे ह्यांत आयुष्य घातले.

१८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी छापखाना उभा राहिला. त्याला त्यांनी नाव दिले ‘नवविद्याकलानिधिशाला’. आज छपाई म्हणजे एक कळ दाबण्याचे काम झाले आहे. म्हणून त्या काळी एक पान छापणे म्हणजे काय होते, हे डोळ्यांपुढे आणावे. अक्षरे, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे धरून देवनागरीचे कित्येक शे निरनिराळे खिळे लागतात. प्रत्येक खिळा उलटा कोरलेला. जुळाऱ्याने ते एकेक उचलून ओळ जुळवावयाची, पानाचा साचा आवळावयाचा, त्यावर शाई थापावयाची, ओलसर कागद पसरावयाचा आणि मग दांडा ओढून दाब द्यावयाचा. एक कागद निघाला की पुन्हा शाई. जुळणीत ‘क’ ऐवजी ‘फ’ आला तर साचा सैल करून खिळा बदलावयाचा. धुलाईयंत्राच्या रुळांत पाणी दाबून बाहेर काढतात, येथे अक्षर दाबून आत बसवितात. दोन्हींकडे दाब नेमका असावा लागतो. कमी पडला तर काम कच्चे राहते आणि अधिक झाला तर वस्तू फाटते.

ह्या छापखान्यातून संस्कृत व मराठी पुस्तके निघाली. त्यांत इसापनीतीचे मराठी रूप ‘बाळबोध मुक्तावली’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. मुंबईत मराठी ग्रंथ देवनागरी टाइपात छापले जाऊ लागले ते १८२० नंतर, आणि बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ साली. म्हणजे मराठी मुलांच्या हाती छापील गोष्टी देण्याचा उद्योग महाराष्ट्राच्या कितीतरी आधी तमिळ देशात झाला होता. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांचा छापखाना त्याच काळात मराठी छापीत होता हे खरे. परंतु एका मराठी राजाने आपल्या खर्चाने, आपल्या वाड्यात, आपल्या प्रजेच्या शिक्षणासाठी तो घातला, ह्याची नोंद आपल्या शालेय पुस्तकांत असावयास हवी होती.

१८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले. त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी राजांचे ग्रंथालय पाहून जे लिहून ठेवले आहे त्यात छापखाना आहे, हवा काढून घेण्याचा पंप आहे, वीज उत्पन्न करणारे यंत्र आहे, ज्योतिषाची उपकरणे आहेत आणि हस्तिदंताचा मानवी सांगाडाही आहे. लाव्हॉझिए, लिनियस व ब्यूफाँ ह्यांच्या ग्रंथांचे दाखले राजे बोलता बोलता देतात, ह्याचे हेबर ह्यांना मोठे नवल वाटले. राजे वाघाच्या शिकारीत अचूक नेमबाज आहेत हेही त्यांनी त्याच दमात लिहिले आहे!

हवेच्या पंपाचा खेळ मोठा शिकविणारा असतो. काचेच्या घुमटाखाली मेणबत्ती ठेवून पंपाने हवा काढून घेतली की ज्योत विझते. लहानशी घंटा ठेवून ती वाजती ठेवली तर आवाज हळूहळू क्षीण होत जातो, घंटेचा लोलक मात्र हलताना दिसत असतो. विजेचे यंत्र म्हणजे काचेचे चक्र किंवा नळकांडे. ते फिरवून चामड्याच्या गादीवर घासले की ठिणगी उडते. त्या काळात युरोपातील वैद्य लकव्यावर असल्या ठिणग्यांचे उपचार करीत. आता हस्तिदंती सांगाड्याविषयी. खऱ्या हाडास शिवल्याने विटाळ मानणाऱ्या घरात शरीररचना शिकावयाची तर काय करावे? सोवळे न मोडता विद्या साधण्याची ही युक्ती असावी, असा माझा तर्क आहे. आपल्या आज्यांनीही सोवळ्यात बसणारे आणि न बसणारे असे नव्या वस्तूंचे वर्ग ह्याच रीतीने पाडले होते. नळाचे पाणी कोणत्या वर्गात घालावे ह्यावर घरोघर वाद झालेले वृद्ध वाचकांनी ऐकले असतील.

वैद्यकाचा नाद राजांना सर्वांत मोठा होता. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा होई आणि वैद्यांकडून अनुभवसिद्ध योग लिहून घेतले जात. नेत्ररोग्यांच्या तर नोंदी ठेवलेल्या आहेत. रोग्याची हकिकत, उपचार, आणि सोबत त्या त्या डोळ्याचे रंगीत चित्र. सरस्वती महाल ग्रंथालयात हे कागद जपून ठेवलेले आहेत आणि आजच्या नेत्रवैद्यांनीही त्यांचा अभ्यास केला आहे. मोतीबिंदू झालेल्या सामान्य माणसाचा डोळा राजदरबारच्या चित्रकाराने काळजीपूर्वक रंगवावा, ही गोष्ट मला त्या सर्व यंत्रांहून अधिक मोलाची वाटते.

जे कळले ते दुसऱ्यास कळवावयाचे, हा त्यांचा दुसरा नाद. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक पाहा. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीचा तमिळ नाट्यप्रकार. राजांनी त्या कुरवंजीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. खंडे, देश, नगरे तिने गाऊन सांगावयाची! ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात यात्रेकरूंना अन्न मिळे आणि मुलांना विद्या मिळे. वाद्यांच्या बाबतीत हीच वृत्ती दिसते. पाश्चात्य वाद्ये त्यांनी मागविली आणि ती दिवाणखान्यात न टांगता आपल्या गवयांच्या हाती दिली. व्हायोलिन दक्षिणी संगीताच्या मैफलीत कायमचे बसले, त्या घडामोडीत तंजावरच्या दरबाराचा वाटा मोठा आहे.

१८२० साली राजे काशीयात्रेस निघाले तेव्हा मोठा परिवार बरोबर होता. वाटेत आणि काशीत त्यांनी हस्तलिखिते मिळविली. नायक राजांच्या वेळेपासून चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात ह्या सर्वांची भर पडली. ७ मार्च १८३२ रोजी राजे निवर्तले.

पुढची हकिकत दुःखाची आहे. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रसंतती न ठेवता वारले आणि कंपनीने राज्य तर खालसा केलेच, शिवाय वाड्यातील खाजगी चीजवस्तूंवरही मोहरा लावल्या. राणी कामाक्षीबाईंनी फिर्याद केली. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की ही राजसत्तेची कृती असल्यामुळे न्यायालयास तीत हात घालता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून वाचतात. बरीच मिळकत सरकारने मागाहून कुटुंबास परत केली. परंतु घरातल्या घरात ज्या संग्रहाला मालकाचा हात रोज लागत असे, त्या संग्रहाला मोहोर लागल्यावर काय अवकळा येते, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

ग्रंथ तेवढे बचावले. बर्नेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृत हस्तलिखितांची सूची करून ती १८८० साली लंडनमध्ये छापविली आणि ह्या भांडाराकडे जगाच्या विद्वानांचे लक्ष गेले. १९१८ साली भोसले कुटुंबाने ते लोकार्पण केले. १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तेथे संस्कृत हस्तलिखिते तीस हजारांहून अधिक आहेत, मराठी हस्तलिखिते सुमारे तीन हजार आहेत, आणि तमिळ व तेलुगू वेगळी. प्रवासास गेलात तर ग्रंथालयाला लागून असलेले छोटे संग्रहालय अवश्य पाहा. माणसाचा चेहरा आणि पशूचा चेहरा ह्यांतील साम्य दाखविणारी ल ब्रँ ह्या फ्रेंच चित्रकाराची चित्रे तेथे आहेत, ती मुलांना फार आवडतात. मग बृहदीश्वराच्या देवळात जाऊन १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहा. दगडावर एवढा प्रदीर्घ मराठी मजकूर आपण क्वचितच पाहिला असेल. त्याची लिपी आपली आहे, सबब वाचता येतो. उभे राहून वाचावयास मात्र पाय मजबूत हवेत.

राजवाड्यातील नित्याचे कागद तसे वाचता येत नाहीत, आणि खरी काळजीची बाब येथेच आहे. खर्चाचे हिशेब, छत्रातील शिधा, छापखान्याला लागलेला कागद, परदेशाहून मागविलेल्या सामानाच्या याद्या, वैद्यांचे पगार, हे सारे मोडीत लिहिलेले आहे. रुमालांत बांधलेली असली दप्तरेच्या दप्तरे तंजावरात आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही कागदांचे तमिळ भाषांतर खंडरूपाने प्रसिद्ध केले, हे त्या विद्यापीठाचे मोठे उपकार होत. परंतु ज्यांची मातृभाषा त्या कागदांत आहे त्या आम्हांपैकी किती जणांना ते वाचता येतील? दोन-तीन पिढ्यांपूर्वी मोडी शाळेत शिकवीत. कुळकर्ण्याच्या, सावकाराच्या, कारकुनाच्या हातात ती होती. आता ती वाचणारे फार थोडे उरले आहेत. रुळांच्या यंत्राप्रमाणे येथेही वस्तू शाबूत आहे आणि तिची रीत हातची चालली आहे.

मोडी शिकणे वाटते तितके कठीण नाही. देवनागरी येत असेल तर अर्धे काम झालेलेच असते. बोरू शक्यतो न उचलता अक्षर अक्षरात ओवावयाचे, म्हणून काही वळणे बदललेली असतात; ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विधिनिषेध नसतो; शब्द तोडून लिहिलेले नसतात. आधी मुळाक्षरे गिरवावीत, मग स्वतःचे व घरच्यांचे नाव लिहावे, नंतर बाराखडी. रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत स्वच्छ हाताचा कागद लागू लागतो. घाईने लिहिलेला कागद लागावयास वर्षे जातात आणि तेथे जाणत्याजवळ बसण्यावाचून गत्यंतर नसते. मोडीचे वर्ग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात. शाळेची सुटी लागली की घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला तेथे धाडावे, आणि जमले तर आपणही शेजारी बसावे. सरावासाठी तंजावरापर्यंत जाण्याची गरज नाही. ज्या माळ्यावर ते शिवणयंत्र आहे, त्याच माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या वेळचे एखादे खरेदीखत किंवा देण्याघेण्याची वही निघण्याचा पुष्कळ संभव आहे. कागद उलगडताना घड्यांवर जोर देऊ नये, थुंकी लावून पान उलटू नये, आणि फाटले असेल तेथे चिकटपट्टी तर मुळीच लावू नये.